तंबोऱ्यातला गांधार तारेत असतो की कानात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. नोकरीभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर मिरजेला एका बाईंकडे गाणं शिकायला लागले. प्रश्न गाण्यातला आहे, पण तो मला गाण्यापुरता वाटत नाही. म्हणून जरा सविस्तर मांडते.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची (प), मग जोडीच्या दोन षड्जाच्या (सा) आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची. गांधाराची (ग) तार नाहीच. तरीही जुळलेल्या तंबोऱ्यातून गांधार ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मी नवी असताना बाईंनी विचारलं, "गांधार येतोय का कानावर?" मला नुसता झंकार ऐकू येत होता. मग त्यांनी तो अगदी हलक्या आवाजात लावला, तंबोरा चालू ठेवून आपण गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मी सोडला. तो बघा अजून आहे." खरंच होता. त्या दिवसापासून तंबोरा छेडला की तो मला ऐकू येतोच, आणि आता न ऐकणं मला जमत नाही.

यामागचं विज्ञान मला माहीत आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळी चारचा, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून लावलेला, जनानी तंबोरा घेतला तर खर्ज साधारण १०४ हर्ट्झचा. तीच तार त्याच वेळी २०८, ३१२, ४१६, ५२० अशा पटीतही कंप पावत असते. दुसरी आणि चौथी पट म्हणजे पुन्हा षड्जच, तिसरी पंचम आणि पाचवी तार सप्तकातला गांधार. मोबाइलवर नादाचा आलेख काढणारं ॲप लावलं की ५२० च्या आसपास उंच सुळका दिसतो. पंचमाच्या तारेची पाचवी पट काढली तर निषाद मिळतो, तिसरी काढली तर रिषभ. म्हणजे चार तारांवर अर्धं सप्तक उभं असतं.

आता माझ्या शंका.

माझ्या मुलाचा कान चांगला आहे. चित्रपटातली गाणी एकदा ऐकून जागच्या जागी गुणगुणतो. त्याला काही न सांगता तंबोऱ्यापुढे बसवलं, "काय ऐकू येतंय?" विचारलं. गांधाराचं नाव नाही. मग बाईंनी मला दाखवला तसा मी त्याला गाऊन दाखवला. "हो, आला की!" म्हणाला. हवेतलं कंपन दोन्ही वेळी तेच होतं, कानाचा पडदाही तोच. मग बदललं काय? ढगात हत्ती दिसतोय असं कुणी सांगितलं की आपल्यालाही सोंड दिसायला लागते. गांधाराचं तसंच तर होत नाही ना? फरक एवढाच की ढगात हत्ती नसतो आणि तारेत गांधार असतो. पण हे मला ॲपने सांगितलं. ॲप नव्हतं तेव्हा शेकडो वर्षं शिष्यांनी गुरूवर विश्वास ठेवून 'आला' म्हटलं. त्यातल्या कुणाला खरंच ऐकू आला आणि कुणी मानून घेतला, हे ठरवायचं कसं?

दुसरी शंका मला जास्त छळते. आलेखात पाचव्या पटीनंतर सातवीचाही सुळका दिसतो, चांगला ठळक. ७२७ हर्ट्झच्या आसपास. हा आपल्या कोमल, म्हणजे शुद्धाहून खालच्या, निषादाच्या जवळ पडतो पण त्याहून बराच उतरलेला. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीवरचा कोमल निषाद १००० वर आणि हा ९६९ वर. तोही कुणी न छेडता आपोआप निघतो. मग पाचवा स्वयंभू आणि सातव्याला नावही नाही, असं का? निसर्गाने दोन्ही दिले, आपण एकाचं बारसं केलं. ही निवड कुणी केली, आणि अशा निवडीला ज्ञान म्हणायचं की संस्कार?

जाणकारांनी कृपया लिहावं. गाणारे, वाजवणारे, वाद्यं करणारे, सगळ्यांचं ऐकायचं आहे.

---

घोडी_आणि_दोरा

ताई, मी मिरजेचा. आमच्या घरात तंतुवाद्यांचं काम चालतं. गल्लीत पूर्वीपासून शिकलगारांची वस्ती. आमचे पूर्वज हत्यारं घडवायचे, एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तुम्हाला ठाऊक असेल. शिक्षण माझं फार नाही, पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला हातानं माहीत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणता गांधार तारेत आहे. ताई, नुसत्या तारेत तो नाही. म्हणजे असेल, पण त्याला कोण विचारतो? तीच तार, तीच दांडी, तोच पंढरपूरकडचा भोपळा, आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मात्र धारदार कडेची बसवून बघा. तार टणकन वाजेल आणि विझेल. गांधार शोधावा लागेल. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि वरून अगदी थोडी उतरती, डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी गोलाई. तार हलताना त्या उतारावर घासत जाते, टेकते, सुटते. तिथून झंकार निघतो. तारेखाली सुताचा दोरा घालतो, तो पुढेमागे सरकवला की तार नेमकी कुठे टेकावी ते ठरतं. याला आम्ही जवारी काढणं म्हणतो.

ती काढायची कशी? कानशीनं घासायचं, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत घासायचं. किती घासायचं याचं माप नाही. जास्त घासली की घोडी वाया. मला वडिलांनी कधी 'इतकं घास' असं सांगितलं नाही. ते म्हणायचे, "बोलतीये का बघ." पहिली बरीच वर्षं मी घासायचो आणि बोलतीये का ते ते सांगायचे. नंतर माझं मलाच कळायला लागलं.

घोडी पूर्वी हस्तिदंताची, सांबरशिंगाची असायची, आता हाडाची किंवा लाकडाची. प्रत्येकीचा बोल निराळा. गवई पण निराळे. कुणाला खुली जवारी लागते, भरपूर झणकार असलेली. कुणी म्हणतं बंद करा, गोल करा, मला एवढा कल्ला नको. म्हणजे गांधार किती वर यायचा ते मागणाऱ्यावर आहे.

आता तुमची विश्वासाची गोष्ट. गवई दुकानात येतात. मी दोरा केसभर सरकवतो, कुठल्या बाजूला ते सांगत नाही. ते डोळे मिटून बसलेले असतात आणि म्हणतात, "गेला." परत सरकवतो. "आला. आता इथंच ठेवा." दुसरे गवई बसलेले असले तर तेही त्याच क्षणी मान हलवतात. नुसतं मानून घेतलेलं असतं तर दोघांची मान एकाच वेळी कशी हलली असती?

आणि माझं स्वतःचं मत सांगतो. हा गांधार आधी कुणीतरी ऐकला, त्याला तो अजून हवासा वाटला, म्हणून त्यानं घोडी घासली. मग पुढच्याला तो जरा जास्त ऐकू आला, त्यानं अजून घासली. असं पिढ्यान् पिढ्या झालंय. आज तुम्ही तंबोरा घेऊन बसता तेव्हा इतक्या लोकांचे कान त्या घोडीत घासून ठेवलेले असतात. निसर्गानं दिला म्हणताय ते अर्धंच खरं.

---

कृष्णाकाठ

मनापासून आभार! दोन गवयांची मान एकदम हलली, ही तपासणी मला पटली. प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळं काही करत नाही. निरीक्षकाला काय बदललं ते सांगायचं नाही आणि दोन निरीक्षक जुळतात का ते पाहायचं.

तुमच्या घोडीबद्दल एक जोड देते. सी. व्ही. रामन यांनी प्रकाशावरच्या कामाच्या आधी वाद्यांवर पुष्कळ काम केलं होतं. १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक छोटा लेख लिहिला. पुस्तकी नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या पटीचा स्थिर, म्हणजे न हलणारा, बिंदू पडतो, ती पट त्या नादात येता कामा नये. रामन यांना आढळलं की आपल्या वाद्यांत ती येते. कारण त्यांनी शोधलं ते घोडीच्या त्या गोलाईत. म्हणजे पुस्तकात नसलेला गांधार मिरजेच्या कानशीनं आधीच काढून ठेवला होता, आणि विज्ञानाने तो नंतर मोजला. शाळेत मी तो पुस्तकी नियम आयुष्यभर शिकवला, आणि तंबोऱ्याची घोडी मुलांसमोर ठेवता आली असती तर किती बरं झालं असतं असं आज वाटतं.

पण मग सातव्या पटीचं काय? ती पण घोडीतूनच निघते ना?

---

घोडी_आणि_दोरा

निघते. पण ती काढून द्या म्हणून आजवर कुणी आलेलं नाही.

---

भूप_देसकार

चर्चा उत्तम चालली आहे. मी डोंबिवलीत गाणं शिकवते. ताईंच्या दोन्ही शंकांवर लिहीन, पण आधी एक आक्षेप. कंपनसंख्येवरून आपण गांधारापर्यंत पोचतो असं तुम्ही दोघंही धरून चालला आहात. मला ते मान्य नाही. ५२० हर्ट्झ हा नाद आहे. तो गांधार होतो तो रागात.

भूप आणि देसकार घ्या. दोघांत तेच पाच स्वर: सा रे ग प ध. ॲपला विचाराल तर फरक सांगता येणार नाही. पण भूपात गांधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आहे. आपण त्यावर येऊन विसावतो, सगळी वाट त्याच्याकडे जाते. देसकारात धैवत राजा, गांधारावर रेंगाळलात तर राग हातचा गेला. आता दोन्ही राग एकाच तंबोऱ्यावर गाते आहे असं समजा. तंबोऱ्यातला गांधार दोन्ही वेळा तोच आहे. भूप गाताना तो मला बोलावतो. देसकार गाताना तो तिथेच असतो आणि मी त्याच्याकडे जात नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हे समजायला फार वेळ लागतो. स्वर ओळखणं लवकर येतं, स्वराला टाळणं उशिरा येतं.

याच्या पुढची गोष्ट मालकंसाची. पहिली तार मध्यमाला लावतो. खर्जातून शुद्ध गांधार निघतच असतो, आणि मध्यमाच्या तारेची पाचवी पट काढा, शुद्ध धैवत येतो. मालकंसात गांधारही कोमल, धैवतही कोमल! म्हणजे तंबोरा दोन्ही बाजूंनी उलट साक्ष देतोय आणि आपण त्याच्याच मांडीवर बसून मालकंस गातोय. तोडीत तर गांधार कोमलाहूनही खाली. निसर्गाने दिलेलं तेच संगीत असतं तर हे राग जन्मालाच आले नसते. मालकंस गाताना तो शुद्ध गांधार मला ऐकू येत नाही असं नाही. मागितला तर लगेच सापडतो. पण मन तिकडे वळत नाही, आणि हे न वळणं मला शिकावं लागलं आहे.

म्हणून सातव्या पटीचं कोडं मला तेवढं अवघड वाटत नाही. तो नाद मलाही ऐकू येतो. पण माझ्या तालमीत त्यावर थांबायला कुणी सांगितलं नाही आणि तिथे नेणारी एकही बंदिश मला मिळाली नाही. गांधारावर मात्र उभं राहता येतं. गळा त्याला लावला की तंबोरा आणि गळा एक होतात, दोन सुरांत थोडा फरक असताना ऐकू येणाऱ्या लाटा थांबतात. मग त्या जागेभोवती यमन, भूप, बिहाग असे राग वस्तीला आले. वस्ती झाली की जागेला नाव पडतं.

पेटीचा मुद्दाही इथेच येतो. काळी चारला पेटीचा तार गांधार ५२३ च्या आसपास, तंबोऱ्याचा ५१९. सेकंदाला चार लाटा. पेटीवर कान पोसलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना तंबोऱ्याचाच गांधार उतरलेला वाटतो! आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीन दशकं पेटीला बंदी घातली होती, त्यात बाकी कारणंही होती, पण ही तक्रार त्यात होतीच. तुमच्या सांगलीच्याच कृ. ब. देवलांनी आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स साहेबांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकाचे २२ सूक्ष्म भाग दाखवणारी, पेटी बनवून घेतली, अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या श्रुतींच्या कामात त्यांना साथ दिली, १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचं प्रात्यक्षिकही झालं. जमलेल्या गवयांचं समाधान झालं नाही. मला देवलांच्या खटपटीबद्दल आदर आहे. पण तोडीचा गांधार ज्या आंदोलनातून, म्हणजे स्वर झुलवण्यातून, येतो, तो पट्टीखाली कसा बसवणार?

---

नेकारकाठचा

मी स्टुटगार्टला असतो, मूळ नाशिकचा. इथल्या एका चर्चच्या गायकवृंदात खर्जाच्या रांगेत गातो. लहानपणी नाशिकला चार वर्षं हार्मोनियम शिकलो होतो, तेवढीच पूर्वतयारी.

साथीला ऑर्गन नसताना आम्ही चार आवाजांत गातो तेव्हा आमच्या संचालिका गांधार धरणाऱ्यांना हमखास खुणावतात: खाली, अजून जरा खाली. सगळे नीट लागले की छताकडून एक स्वर ऐकू येतो, जो आमच्यापैकी कुणीच गात नसतो. इथल्या गायकांना तो माहीत आहे आणि त्याची वाट पाहिली जाते. म्हणजे गांधाराचा हा शोध काही एकट्या आपला नाही.

पण त्यांनी त्याचं पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. सोळाव्या शतकापासून बराच काळ इथले ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड असे जुळवत की तो ३८६ सेंटचा गांधार शुद्ध मिळावा. त्यासाठी पंचम थोडा उतरवण्याची किंमत ते आनंदाने मोजत. नंतर त्यांना एकाच रचनेत षड्ज बदलत या पट्टीतून त्या पट्टीत जायचं होतं. शुद्ध गांधार ठेवला तर काही पट्ट्या कर्कश लागत. मग हळूहळू बारा समान भागांची जुळणी आली, पंचम जवळपास नीट झाला आणि गांधार १४ सेंट वर गेला. तो गांधार त्यांनी कळून सवरून सोडला. बदल्यात त्यांना जे मिळालं त्यातून त्यांचं सगळं मोठं वाद्यवृंदाचं संगीत उभं राहिलं.

आपण षड्ज हलवायचा नाही असं ठरवलं. तंबोरा रात्रभर एकच षड्ज सांगतो. म्हणून आपल्याला गांधार सोडायची गरज पडली नाही. ताई विचारतात की निवड कुणी केली. मला वाटतं ही निवड गांधाराची नव्हतीच. षड्ज स्थिर ठेवायचा की फिरवायचा ही खरी निवड होती, गांधार तिच्या मागून आला.

आमच्या वृंदातल्या एका बाईंना मी तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. काही न सांगता. त्यांनी पहिल्या मिनिटात तो स्वर गाऊन दाखवला आणि विचारलं, "हा कोण वाजवतंय?" त्यांना भूप माहीत नाही, देसकार माहीत नाही. तेव्हा भूप_देसकार, रागाशिवायही तो ऐकू येतो. गांधार म्हणून नसेल, पण येतो.

---

भूप_देसकार

मान्य. पण त्या बाईंनाही कान कुणीतरी दिला होता. तुमच्या संचालिकांनी खाली, अजून खाली म्हणत घडवलेलाच तो कान आहे. कोऱ्या कानाला ऐकू आला असं नाही म्हणता येणार.

---

देवगिरी_पायथा

मी संगीतातला नाही, जुन्या ग्रंथांचा वाचक आहे. आमच्या इथल्या देवगिरीच्या किल्ल्याशी जोडलेलं म्हणून लिहितो. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळ काश्मीरचं, स्वतः दरबारात हिशेबाच्या खात्यावर अधिकारी. 'संगीतरत्नाकर' त्याने इथेच लिहिला. त्याची स्वराची व्याख्या अशी:

श्रुत्यनन्तरभावी यः स्निग्धोऽनुरणनात्मकः ।
स्वतो रञ्जयति श्रोतृचित्तं स स्वर उच्यते ॥

श्रुतीच्या मागोमाग येणारा, स्निग्ध, अनुरणनाने, म्हणजे मागे घुमत राहणाऱ्या झंकाराने, बनलेला, आणि स्वतःहून ऐकणाऱ्याचं चित्त रंजवणारा तो स्वर. बघा, घोडी_आणि_दोरा सांगतात तो झंकार यात आहे आणि भूप_देसकार सांगतात तो ऐकणाराही यात आहे. नुसता नाद निघून भागत नाही, कुणाचं तरी चित्त रंगावं लागतं. त्या काळी आजचा तंबोरा नव्हता, तरी ही व्याख्या तंबोऱ्यापुढे बसून लिहिल्यासारखी वाटते.

पण माझा मुद्दा याहून निराळा आहे. 'नाट्यशास्त्र'कार भरताने आणि शार्ङ्गदेवाने ज्याला शुद्ध गांधार म्हटलं तो हा नव्हेच. षड्जग्रामात, म्हणजे त्यांच्या मूळ स्वररचनेत, षड्जापासून रिषभ तीन श्रुतींवर आणि त्यापुढे गांधार दोन श्रुतींवर. हिशेब केला तर तो आजच्या कोमल गांधाराच्या जवळ जातो. आपण ज्याला स्वयंभू म्हणतोय तो त्यांच्याकडे 'अंतर गांधार' म्हणून होता, शुद्धाच्या पुढचा, वर चढवलेला. कर्नाटक संगीतात आजही त्याला अंतर गांधारच म्हणतात. तिकडचा शुद्ध गांधार तर आपल्या शुद्ध रिषभाच्या जागी आहे. उत्तरेत बिलावल रागाचे स्वर शुद्ध धरण्याचा रिवाज पडला आणि संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी तो आपल्या पद्धतीचा पाया केला, त्यानंतर आपल्या सगळ्यांच्या मनात ३८६ सेंटचा गांधार हा मूळचा आणि कोमल गांधार हा त्याचा उतरलेला भाऊ, असं बसलं. शार्ङ्गदेवाला विचारलं असतं तर त्याने उलट सांगितलं असतं.

तरीसुद्धा त्याने अंतर गांधाराला जागा दिली होती हे विसरू नये. नाद त्याच्याही कानावर होता. मुख्य कुणाला म्हणायचं, एवढंच वेगळं होतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. विशेषतः शार्ङ्गदेवाचा मुद्दा मी आज बाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की काफी रागाचा कोमल गांधार आता वेगळ्या मानानं लावावासा वाटतोय.

माझ्या पहिल्या शंकेचं उत्तर मला मिळालंय असं वाटतं. ढगातला हत्ती आणि गांधार यांत फरक असा, की हत्तीला दोरा सरकवून घालवता येत नाही. ऐकू येतं म्हणणाऱ्याला चुकायची संधी दिली, त्याच्या नकळत काहीतरी बदललं आणि तरी तो बरोबर आला, तर त्याला ऐकू येतंय. गुरूने आधी दाखवलं म्हणून ते कमी खरं होत नाही. सूक्ष्मदर्शकात पेशी बघायला मुलांना मीच शिकवलं होतं. पहिल्यांदा प्रत्येकाला नुसती जाळी दिसायची. 'ही भित्तिका, हे केंद्रक' असं बोट ठेवल्यावर दिसायला लागायचं. त्यावर मी कधी संशय घेतला नाही, मग गाण्यात का घेतला? बहुधा गाण्यात गुरूचा शब्द फार मोठा असतो म्हणून.

दुसऱ्या शंकेवर मात्र माझं मन अजून ठरत नाही. नेकारकाठचा म्हणतात निवड षड्जाची होती. मग षड्ज स्थिर ठेवणाऱ्या सगळ्याच संगीतांत पाचवी पट वर यायला हवी आणि सातवी मागे पडायला हवी. तसं आहे का, हे कुणी इतर देशांतलं सांगू शकलं तर फार उपकार होतील.

एक बेत मनात आहे. बाईंकडे आता नवीन मुलं येणार आहेत. त्यांना काही महिने गांधाराबद्दल अवाक्षर सांगायचं नाही आणि बघायचं, कुणाला आपणहून सापडतो का. कसं वाटतं?

---

भूप_देसकार

ताई, हे करू नका. न सांगितलेलं मूल कोरं राहत नाही. त्याच्या घरात कीबोर्ड आहे, मोबाइल आहे, गणपतीतले स्पीकर आहेत, त्या सगळ्यांचा १४ सेंट चढलेला गांधार त्याच्या कानात आधीच शिरलेला आहे. तुम्ही गप्प बसलात तर शिकवण्याचं काम ते करतील, आणि तुमच्या प्रयोगात नेमकं त्यांचंच शिकवणं मोजलं जाईल. आणि काही महिने मुलाला तंबोऱ्यापुढे बसवून त्यातली सर्वात सुंदर गोष्ट लपवून ठेवायची, हे मला शिक्षक म्हणून जमणार नाही. पहिल्या दिवशी दाखवा. तपासायचं ते नंतर तपासा, घोडी_आणि_दोरा सांगतात त्या रीतीने.

---

घोडी_आणि_दोरा

तंबोरा आणि पोरं दोन्ही माझ्याकडे घेऊन या. पोरांनी तोंड भिंतीकडे करून बसायचं. खर्जाचा दोरा मी कधी नीट लावीन, कधी थोडा हलवीन, कधी काढूनच टाकीन, आणि दर वेळी कागदावर लिहून ठेवीन. पोरांनी आपापल्या वहीत 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं, एकमेकांत बोलायचं नाही. शेवटी ताळा बघू. सातवा नाद ऐकायचा असेल तर त्याच्यासाठी पण एक जुनी घोडी वेगळी घासून बघतो, असं काम आजवर केलेलं नाही, पण करायला आवडेल. फक्त पावसाळ्यात नको. दांडी आणि भोपळा ओल धरतात, जुळवलेला सूर तासभर टिकत नाही. दिवाळीनंतर या, हवा कोरडी झाली की.